गाणारा नट आणि आवडती जोडी



आज ज्या विषयावर चार शब्द बोलायचे आहेत तो ऐकून काही मंडळी हसतील. "भाषणाला दुसरा विषय मिळाला नाही का?" असेही म्हणतील. विषय आहे नटाच्या गाण्याचा, आणि नाटकातल्या व मालिकेतल्या प्रेमी जोड्यांचा. लातूरच्या सोळा रस्त्यांच्या गंजगोलाईत कापडाच्या दुकानात, एस.टी.च्या थांब्यावर, सोयाबीन काढताना पातीला लागलेल्या बायांत जी चर्चा रोज चालते, तीच ही चर्चा. ती दोन प्रश्नांभोवती फिरते. पहिला प्रश्न, "तो गातो म्हणे, पण खरंच तोच गातो का?" आणि दुसरा, "त्या दोघांचं जमलं पाहिजे का नको?"

शहाणी माणसे अशा गप्पांना रिकामपणाचा उद्योग म्हणतात. मला तसे वाटत नाही. ही चर्चा आपल्याकडे शंभर-सव्वाशे वर्षे चालू आहे, आणि तिच्या पोटात एक फार गंभीर गोष्ट दडलेली आहे. ती कोणती, ते आज पाहू.

प्रथम जुन्या काळाकडे वळू. सन १९११. याच साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी लातूरपर्यंत आली. तिकडे मुंबईत त्याच साली, १२ मार्चला, काकासाहेब खाडिलकरांचे 'मानापमान' नाटक किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि भामिनीच्या भूमिकेत नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व. वय तेवीसही पूर्ण नव्हते. त्या काळी बायका रंगभूमीवर सहसा येत नसत. स्त्रीची भूमिका पुरुषच करी. पण बालगंधर्व नुसती भूमिका करीत नसत. १९१३ साली त्यांनी गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ साली 'स्वयंवर' आले. त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. रात्री सुरू झालेले नाटक 'वन्स मोअर' घेत घेत उत्तररात्रीपर्यंत चाले, कधी तांबडे फुटे, आणि लोक जागचे हलत नसत.

त्यांच्या रसिकांचे वेडही साधे नव्हते. बालगंधर्वांनी रंगमंचावर शालू जसा नेसला, गजरा जसा माळला, दागिना जिथे घातला, त्याची नक्कल मोठमोठ्या घरांतल्या बायका करीत. पुरुषाकडे पाहून बायकांनी नेसायला शिकावे, ही गंमतीची गोष्ट खरीच. पण झाले तसे. रसिकांत तटही होते. एक बालगंधर्वांचा, तर दुसरा केशवराव भोसल्यांचा. कुणाचा सूर गोड, कुणाचा गळा तडफदार, यावरून गावोगाव वाद झडत. अखेर १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी दोघे मिळून 'संयुक्त मानापमान' करायला उभे राहिले. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्याच साली ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले. त्या एका प्रयोगाची आठवण पुढे पिढ्यांनी सांगितली. आज मुले-मुली आवडत्या नटासाठी हमरीतुमरीवर येतात, तेव्हा त्यांना हसण्याआधी आपल्या आजोबा-पणजोबांची ही हकिगत आठवावी.

आता मुद्द्याची गोष्ट. ही माणसे रात्र-रात्र बसून पाहत काय होती? जरा नाटकांच्या कथा तपासा.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'सौभद्र' १८८२ सालचे. सुभद्रेचे मन अर्जुनावर, आणि थोरला भाऊ बलराम तिला दुर्योधनाच्या घरी द्यायला निघालेला. 'स्वयंवरा'त रुक्मिणीचे मन कृष्णावर, आणि भाऊ रुक्मी म्हणतो, शिशुपालच. 'मानापमाना'त भामिनी श्रीमंताची लेक. तिला धैर्यधरासारखा शूर पण गरीब सेनापती प्रथम नकोसा वाटतो, मग त्याची पारख झाल्यावर ती आपल्या मनाने त्याची होते. आणि या सगळ्यांत वेगळे म्हणजे गोविंद बल्लाळ देवलांचे १८९९ सालचे 'शारदा'. तिथे देव नाही, राजा नाही. कांचनभट नावाचा लोभी बाप पैशासाठी आपल्या कोवळ्या लेकीला भुजंगनाथ नावाच्या म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो.

पाहा बरे, चारही कथांत एकच प्रश्न आहे. मुलीचे लग्न कुणाशी करायचे हे बाप ठरवतो, भाऊ ठरवतो, पैसा ठरवतो. पण मुलीला कुणी विचारले का?

आणि इथेच गाण्याचा संबंध येतो. घरात जी मुलगी मान खाली घालून उभी असते, तीच रंगमंचावर पद सुरू झाले की मनातले सगळे सांगून टाकते. बापाला सांगत नाही, भावाला सांगत नाही. पण समोर बसलेल्या हजार माणसांना सांगते. म्हणून संगीत नाटकात गाणे आणि प्रेम या दोन वेगळ्या वस्तू नव्हत्या. गाणे हेच त्या मुलीचे तोंड होते. आपल्या खेड्यातल्या आयाबायांना हे नव्याने सांगायला नको. पहाटे जात्यावर बसून ओवीतून माहेर, सासर, धनी, दीर यांच्याविषयी जे बोलून मोकळे व्हायचे, ते दिवसा उंबऱ्यात उभे राहून बोलता येत नसे. जात्याची घरघर आणि नाटकाची पेटी, दोघींनी एकच काम केले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. सुभद्रा आणि रुक्मिणी दोघींना पळवून नेले जाते, हे खरे. पण रुक्मिणीने आधी पत्र धाडले आहे, सुभद्रेचे मन आधी ठरले आहे. भामिनी नाही म्हणते तेव्हा तिच्यावर कुणी जबरदस्ती करीत नाही. ती बदलते ती आपल्या विचाराने. हा बारकावा जुन्या नाटकवाल्यांनी सांभाळला होता. अलीकडच्या कितीएक सिनेमांत नायक मुलीच्या मागे-मागे फिरतो, ती नको म्हणते, आणि लेखक मात्र सांगतो की हे तिचे लाजणे आहे. पोरांच्या डोक्यात मग तेच बसते. शाळेतल्या मुलांना सुभद्रा-रुक्मिणीची गोष्ट सांगताना गुरुजींनी हा फरक आवर्जून सांगावा. होकार असेल तर ते प्रेम. नकाराच्या मागे लागणे याला छळ म्हणतात.

आता आपल्या काळाकडे येऊ. रंगभूमीवर पुढे स्त्रिया आल्या. १९३३ साली नाट्यमन्वंतर संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. त्यातल्या ज्योत्स्नाबाई भोळे यांनी १९४२ साली रांगणेकरांच्या 'कुलवधू'त गाऊन नाव मिळवले. मग बोलपटांची चलती झाली. बालगंधर्वही १९३५ साली प्रभात कंपनीच्या 'धर्मात्मा' चित्रपटात उतरले. तिथे त्यांची भूमिका होती आपल्या मराठवाड्याच्या, पैठणच्या एकनाथमहाराजांची. बोलपटाबरोबर हळूहळू पार्श्वगायन रूढ झाले. चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा. आणि मग "तोच गातो का?" हा प्रश्न उभा राहिला.

याचे चांगले उदाहरण म्हणजे सुबोध भावे. दूरदर्शनच्या पडद्यामुळे घराघरांत ओळखीचा झालेला हा नट. २०११ साली 'बालगंधर्व' चित्रपटात त्यांनी बालगंधर्वांची भूमिका केली, ती लोकांना फार भावली. पण त्यातला गळा आनंद भाटे यांचा, आणि त्या गाण्याबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो भाट्यांना. २०१५ साली 'कट्यार काळजात घुसली' हा चित्रपट भाव्यांनी दिग्दर्शित केला आणि त्यात सदाशिवाची भूमिकाही केली. सदाशिवाचा गळा महेश काळ्यांचा, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेतल्या सचिन पिळगांवकरांना गळा राहुल देशपांड्यांचा. मूळ नाटक १९६७ सालचे, पुरुषोत्तम दारव्हेकरांचे. तिथे खाँसाहेबांची भूमिका करून वसंतराव देशपांडे स्वतःच गात. त्याच वसंतरावांवर २०२२ साली 'मी वसंतराव' चित्रपट आला, तेव्हा नातू राहुल देशपांडे यांनी अभिनयही केला आणि गायनही. म्हणजे चेहरा आणि गळा एकाच माणसाचे असण्याची वाट अजून बंद झालेली नाही.

यातून शिकायचे काय? जो दिसला त्यालाच सगळे श्रेय, ही आपली सवय आहे. पडद्यावर ओठ हलले की आपण म्हणतो, "काय गातो बघा!" पण ज्याने पंधरा-वीस वर्षे पहाटे उठून खर्ज लावला, त्या गायकाचे नाव आपल्याला ठाऊक नसते. शिक्षकांनी वर्गात एक सोपा खेळ करावा. आवडत्या मालिकेचे शीर्षकगीत मुलांना रोज ऐकू येते. ते लिहिले कुणी, चाल कुणाची, गळा कुणाचा, हे उद्या शोधून या, म्हणावे. मुले शोधून आणतात. मग तिथून नाट्यसंगीतापर्यंत न्यायला वेळ लागत नाही. आकाशवाणीवर नाट्यपदे लागतात, बालगंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकायला मिळतात. आणि मूळ कथा परकी वाटत असेल, तर २०२५ च्या जानेवारीत 'संगीत मानापमान' नव्या रूपात पडद्यावर आले आहे. दिग्दर्शक आणि धैर्यधर पुन्हा सुबोध भावेच.

गळ्याइतकाच भूमिका आणि माणूस यांतला फरकही ओळखला पाहिजे. 'मानापमाना'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. तरी त्यांनी प्रयोग केला. लोकांना दिसली ती नटलेली भामिनी. त्या शालूखाली एक बाप होता. आवडत्या नटाविषयी "मला तो अगदी आतून ठाऊक आहे" असे कुणी म्हणू लागले की ही हकिगत सांगावी. आपल्याला ठाऊक असते ती भूमिका. माणूस त्याच्या घरी असतो, आणि तिथे त्याला राहू द्यावे.

आता जोड्यांकडे येऊ. 'तुझ्यात जीव रंगला' ही मालिका २०१६ च्या ऑक्टोबरात सुरू होऊन २०२१ च्या आरंभापर्यंत चालली. कोल्हापूरकडचा मातीतला पैलवान राणा, फारसा न शिकलेला. आणि अंजली शाळेतली बाई. मालिकेतल्या 'पाठकबाईं'ची चौकशी आपल्याकडच्या पारावरसुद्धा होई. ही दोघे करणारे हार्दिक जोशी आणि अक्षया देवधर यांचे पुढे २०२२ साली खरोखर लग्न झाले, तेव्हा रसिकांना घरचेच कार्य वाटले. आपल्या लातूरचे म्हणाल, तर बाभळगावच्या देशमुखांच्या घरातले रितेश आणि जिनिलिया यांची जोडी. २०२२ च्या अखेरीस त्यांचा 'वेड' आला, अजय-अतुलच्या गाण्यांसह. गावाकडच्या पोरांना ती दोघे दादा-वहिनीच वाटतात.

आणखी एक जोडी मुद्दाम सांगतो. २०१८-१९ साली 'तुला पाहते रे' ही मालिका चालली. नायक सुबोध भावेच. पन्नाशीकडे झुकलेला श्रीमंत उद्योजक. नायिका विशीतली, साध्या घरची. घराघरांत वाद झाले. कुणी म्हणे, प्रेमाला वय नसते. कुणी म्हणे, हे शोभत नाही. पुढे त्या माणसाचा हेतूच चांगला नव्हता असे कथेत निघाले, तेव्हा दोन्ही बाजूंची पंचाईत झाली. गंमत पाहा. 'शारदे'नंतर सुमारे एकशेवीस वर्षांनी मराठी माणूस पुन्हा त्याच ओसरीवर बसून त्याच प्रश्नावर बोलत होता: वयाने मोठा, पैशाने मोठा नवरा, आणि कोवळी मुलगी. फरक इतकाच की शारदेला कुणी विचारलेच नव्हते, आणि या मुलीने स्वतः होकार दिला होता. पण होकार देताना समोरचा माणूस तिला पुरता ठाऊक होता का? ही चर्चा ज्या घरात झाली, त्या घराने एक मोलाचा विचार केला, असे मी म्हणेन.

श्रोतेहो, दडलेली गंभीर गोष्ट ती हीच. आपल्या घरांत लग्न, पसंती, प्रेम या विषयांवर आईबाप आणि मुले समोरासमोर बोलत नाहीत. मुलगी आईला सांगू शकत नाही की मला अजून शिकायचे आहे. पण मालिकेतल्या मुलीविषयी ती मोकळेपणी बोलते. "तिनं शिक्षण सोडायला नको होतं," "तिच्या बापानं तिला विचारायला पाहिजे होतं." ती मालिकेविषयी बोलत नसते, बरे का, ती स्वतःविषयी बोलत असते. आणि आपण म्हणतो, "बंद कर ते खूळ, भाकरी टाक."

मराठवाड्यात याला फार अर्थ आहे. आपल्याकडे जोडी या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल मिळते ती कोयत्यावर. आईबाप कारखान्याकडे निघाले की वयात आलेली मुलगी गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही चिंता. आणि मुलाचे लग्न झाले तर एक कोयता वाढतो, हा हिशेब. या दोन्हींच्या कैचीत शाळेतली पोर बोहल्यावर चढते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वर्षांच्या महाराष्ट्रातल्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. आपल्या मराठवाड्यातले परभणी आणि बीड हे जिल्हे तर या बाबतीत राज्याच्या सरासरीच्या कितीतरी पुढे होते. त्या मुलींना कुणी आवडती जोडी विचारली नाही.

शिक्षक बांधवांसाठी एक गोष्ट जाता जाता. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला लोक 'शारदा कायदा' म्हणतात आणि देवलांच्या नाटकावरून ते नाव पडले असे कितीकांना वाटते. तसे नाही. तो मांडणारे हरविलास सारडा, त्यांच्या नावावरून ते पडले. पण लोकांनी तो कायदा शारदेच्या नावावर चढवला, यावरून ते नाटक मनात किती खोल गेले होते ते कळते. त्या कायद्यात मुलीचे वय चौदा होते. १९७८ च्या दुरुस्तीने मुलीचे अठरा आणि मुलाचे एकवीस झाले, आणि २००६ साली नवा, अधिक कडक कायदा आला. गावपातळीवर ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फोन आहे. त्याला पैसे पडत नाहीत. हा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवावा.

पण कायदा दाराशी येतो तेव्हा बहुधा मांडव पडलेला असतो. त्याच्या आधी घरात बोलणे व्हायला हवे, आणि ते बोलणे सुरू करायला मालिकेसारखे सोपे निमित्त नाही. रात्री जेवणानंतर सगळे घर पडद्यासमोर बसलेले असतेच. वडिलांनी एवढेच विचारावे, "बाई, तुला काय वाटतं, त्या पोरीनं काय करावं?" आणि विचारल्यावर तिचे उत्तर पुरते ऐकून घ्यावे, मध्ये तोडू नये. वर्गात बाईंनी विचारावे, "त्या लग्नात मुलीला कुणी विचारलं का? तिचं शिक्षण पुढे काय झालं? ती नको म्हणाली असती तर घरानं काय केलं असतं?" तीन प्रश्न पुरे आहेत. मुलांनाही विचारावे, ती उद्याचे भाऊ आणि बाप आहेत. बलराम आणि रुक्मी घराघरांत असतात, ते शाळेतच शहाणे झालेले बरे.

तेव्हा पोरीबाळी आवडत्या नटाच्या गाण्याविषयी आणि आवडत्या जोडीविषयी बोलताना दिसल्या, तर त्यांना दटावू नका. गळा कुणाचा ते त्यांना शोधू द्या. गाणे खरे आवडले तर पेटीवर एखादे पद बसवू द्या. आणि जोडीची गोष्ट निघाली की आपणही त्यांच्याजवळ जाऊन बसा. रुक्मिणीला मन कळवायला पत्र लिहावे लागले, सुभद्रेला पद म्हणावे लागले. आपल्या लेकीवर तेवढी पाळी येऊ नये. तिने ओसरीवर बसून साध्या शब्दांत सांगावे आणि आपण ऐकावे.